स्टुडिओतल्या बारा वर्षांची पीएचडी होते का?

गेली बारा वर्षे पुण्यात ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग (वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज एकत्र जुळवणे) करणाऱ्या एका सहकाऱ्याने मला तीन प्रश्न विचारले आहेत. इंग्लंडमध्ये संगीतनिर्मितीत प्रत्यक्ष कामाच्या बळावर पीएचडी करता येते, असे त्यांच्या कानावर आले आहे. तेव्हा आजवर केलेले अल्बम तिथे प्रबंध म्हणून चालतील का, लिहावे नेमके किती लागते, आणि नाट्यसंगीत डॉल्बी ॲटमॉसमध्ये (आवाज ऐकणाऱ्याच्या भोवती आणि डोक्यावरही ठेवता येणाऱ्या पद्धतीत) मिक्स करण्याचा जो बेत त्यांच्या मनात आहे, तो संशोधनाचा विषय म्हणून पुरेसा आहे का, असे ते विचारतात. मी स्वतः याच वाटेने गेलो आहे आणि आता दुसऱ्यांच्या प्रबंधांना मार्गदर्शन करतो, म्हणून त्यांनाच उद्देशून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : जुने अल्बम जसेच्या तसे चालणार नाहीत. ते चांगले नाहीत म्हणून नव्हे. अल्बम किती चांगला झाला आहे हे पाहायला पीएचडीचे परीक्षक बसलेले नसतात. अल्बम करण्यापूर्वी जे कुणाला ठाऊक नव्हते, असे काय तो करताना कळले, आणि ते दुसऱ्याला पडताळून पाहता येईल अशा रीतीने तुम्ही मांडले आहे का, एवढेच ते पाहतात. तुमच्या बारा वर्षांच्या कामात असे कळलेले पुष्कळ असणार, यात मला शंका नाही. अडचण अशी की त्यातले बहुतेक तुमच्या हातात आणि कानात आहे, आणि ते तिथे कसे आले याचा माग आता उरलेला नाही. फायनल मिक्स सापडेल. पण ज्या चार मिक्स तुम्ही फेकून दिल्या, त्या का फेकल्या हे आज तुम्हालाही सांगता येणार नाही. संशोधनाचा खरा ऐवज त्या फेकलेल्या चारांत होता.

ज्याला तिकडे प्रॅक्टिस-बेस्ड पीएचडी म्हणतात, त्याला मराठीत अजून रुळलेला शब्द नाही. 'कृतिसंशोधन' हा शब्द डोळ्यांसमोर येतो, पण तो बीएडच्या अभ्यासक्रमाने केव्हाच उचलला असून त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. शब्द राहू द्या, पण एक भेद ध्यानात ठेवा, कारण प्रवेशाच्या मुलाखतीत तो हमखास विचारला जातो. सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातील लिंडा कँडी यांनी २००६ साली तो नेमकेपणाने मांडला. संशोधनाचे फलित समजून घ्यायला निर्मिती प्रत्यक्ष ऐकावी-पाहावीच लागत असेल, तर ते प्रॅक्टिस-बेस्ड; आणि संशोधन कामाच्या पद्धतीविषयी असून त्याचे फलित निर्मिती सोबत न जोडताही शब्दांत पूर्ण सांगता येत असेल, तर ते प्रॅक्टिस-लेड. तुमचा परीक्षक हेडफोन न लावता नुसता प्रबंध वाचून सगळे समजू शकणार असेल, तर तुम्ही पहिल्या प्रकारात बसत नाही. त्यात कमीपणा काहीच नाही, पण मग तुम्ही वेगळ्या प्रकारचा प्रबंध लिहीत आहात हे आधी माहीत असलेले बरे.

हे सगळे इंग्लंडमध्ये एवढे का फोफावले, याचे एक कारण शिक्षणव्यवस्थेत आहे. १९९२ च्या कायद्याने तिथल्या पॉलिटेक्निकना विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि कला, डिझाइन, ध्वनी अशा विषयांत हाताने काम करणारी माणसे एका रात्रीत विद्यापीठीय अध्यापक झाली. त्यांनी पुढे संशोधन करायचे तर ते आपल्या कामातूनच करायला हवे होते. ध्वनिमुद्रणाच्या कलेचा स्वतंत्र अभ्यास व्हावा म्हणून लंडनमध्ये २००५ साली 'आर्ट ऑफ रेकॉर्ड प्रॉडक्शन' ही परिषद सुरू झाली, आणि पुढे त्याच नावाचे नियतकालिकही निघाले. त्या नियतकालिकाचे जुने अंक चाळले, तर या क्षेत्रात कोणती भाषा बोलली जाते आणि कोणते प्रश्न विचारून झाले आहेत याचा अंदाज एका आठवड्यात येईल. 'विचारून झाले आहेत' यावर भर देतो. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, म्हणून ख्याल आटोपशीर झाला, ही गोष्ट आपल्याकडे कुठल्याही रसिकाला माहीत आहे. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जानने तबकडीसाठी गायलेल्या गाण्याच्या शेवटी आपले नाव मोठ्याने उच्चारले तेव्हापासूनचा हा इतिहास आहे. तेवढेच पुन्हा सांगितले तर ते ज्ञानात भर घालणे होत नाही.

आता माझे उदाहरण देतो, कारण हा प्रकार तत्त्वाने समजत नाही, कामातून समजतो. माझा विषय वारकरी भजनाच्या ध्वनिमुद्रणाचा होता, आणि सुरुवात अगदी धंद्याच्या अडचणीतून झाली. ज्यांनी हे काम केले आहे, त्यांना टाळ म्हणजे काय संकट आहे हे वेगळे सांगायला नको. टाळाचा आवाज तीक्ष्ण, वरच्या पट्टीत ठासून भरलेला, आणि तो खोलीतल्या प्रत्येक माइकमध्ये शिरतो. मुख्य गायकाचा आवाज जरा उजळ करायला ईक्यू (आवाजातला एखादा पट्टा कमी-जास्त करणारे नियंत्रण) वाढवावा, तर आधी टाळच वर येतात. स्टुडिओचा ठरलेला तोडगा म्हणजे एकेक जण वेगळा ध्वनिमुद्रित करणे : आधी क्लिकवर (हेडफोनमधल्या ठरावीक ठोक्यावर) पखवाज, त्यावर गायक, मग टाळ, शेवटी झील धरणारे. पहिली आवृत्ती मी अशीच केली. सगळे ट्रॅक लखलखीत आले, आणि भजन मेले. वारकरी भजनात लय चढत जाते. क्लिकने ती एका जागी बांधून ठेवली. टाळकऱ्यांना हेडफोन लावून एकेकटे उभे केले, तेव्हा त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "माउली, समोरची रांग दिसत नाही, तर टाळ वाजवायचा कुणाशी?"

मी तोवर प्रश्न असा धरून चाललो होतो की टाळांचा ब्लीड, म्हणजे दुसऱ्यांच्या माइकमध्ये शिरणारा आवाज, कमी कसा करावा. त्या वाक्याने तो उलटा झाला. टाळ समोरच्या रांगेशी वाजतो, म्हणजे दोन रांगांमधले अंतर हा भजनाच्या बांधणीचाच भाग आहे; मग ज्याला आपण ब्लीड म्हणून हाकलतो, ती त्या अंतराची माइकने घेतलेली नोंद तर नव्हे? ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. गायकाच्या माइकपासून टाळकरी अडीच मीटरवर असेल, तर त्याचा टाळ त्या माइकमध्ये सुमारे ७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. संगणकावर ते ट्रॅक सरकवून जुळवणे हे एका माउसच्या हालचालीचे काम आहे, आणि आपण सगळे ते सवयीने करतो. मीही केले. टाळाचा आघात टोकदार झाला, पण बारा माणसांच्या दोन रांगा आक्रसून एकच माणूस बारा टाळ घेऊन बसल्यासारखा ऐकू येऊ लागला. तो जुळवलेला आणि न जुळवलेला असे दोन तुकडे मी प्रबंधाला एकाखाली एक जोडले. चाळीस सेकंदांचे ते दोन तुकडे जे सांगतात, ते मला चार पानांत सांगता आले नसते. प्रॅक्टिस-बेस्ड म्हणजे हे.

त्यानंतर सहा आवृत्त्या झाल्या, त्यातल्या चार एका देवळाच्या सभामंडपात. तिथे दुसरी गोष्ट कळली : ब्लीड किती येतो याहून तो कसा येतो हे महत्त्वाचे. मोठ्या डायफ्रामचे कार्डिऑइड (मुख्यतः समोरचे ऐकणारे) कंडेन्सर माइक समोरून गोड ऐकतात, पण बाजूने आणि मागून येणाऱ्या आवाजाचा वरचा पट्टा त्यांच्यात वेडावाकडा होतो, त्यामुळे तिरपे आलेले टाळ पत्र्यासारखे वाजतात. फिगर-ऑफ-एटचा रिबन माइक मागूनही जवळपास तसाच ऐकतो जसा समोरून, आणि त्याच्या बरोबर बाजूला मौनाची एक पट्टी असते. म्हणून मी माइक निवडताना त्याचे तोंड पाहायचे सोडून पाठ पाहू लागलो, आणि टाळकऱ्यांची रांग त्या पाठीच्या हिशेबाने, पण त्यांच्या त्यांच्या पारंपरिक उभे राहण्याला धक्का न लावता, कुठे येते ते शोधू लागलो. यातला कुठलाच भाग भौतिकशास्त्राला नवा नाही. नवे होते ते एवढेच, की एका विशिष्ट गायनपरंपरेच्या आतल्या रचनेला अनुसरून ध्वनिमुद्रणाची पद्धत कशी उलगडत जाते हे पायरीपायरीने, ऐकवून, दाखवता आले. डॉक्टरेटला एवढे 'नवे' पुरते. जग हलवण्याची अपेक्षा कुणी करत नाही.

या सगळ्याचा आधार होती माझी रोजची वही. अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली एक भेद सांगितला होता, काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला विचार. जवळपास प्रत्येक प्रबंधात त्यांचा दाखला येतो. पण दाखला देणे सोपे आणि वही ठेवणे कठीण. विद्यार्थ्यांच्या वह्यांत मला नेहमी असे काही दिसते : 'पखवाज, ८० हर्ट्झला ३ डीबी वाढवले, छान वाटले.' ही नोंद निरुपयोगी आहे, कारण एवढे तर संगणकावर त्या कामाची फाइल (सेशन) उघडली की प्लगइनमध्येच दिसते. माझ्या वहीतली, मला पुढे कामाला आलेली एक नोंद पखवाजाच्या कणिक लावलेल्या डाव्या पुडीबद्दल अशी होती : 'टेक ३ नंतर डाव्या पुडीचा सूर चढला. एसीने कणिक सुकली. एसी बंद करून ओली कणिक लावली. टेक ५ ला सूर खाली आला, पण टेक २ शी जुळत नाही. म्हणजे दोन टेक जोडून एक करायची सवय या कामापुरती सोडावी लागणार. वादकाला हे आधीच ठाऊक होते. मी विचारले नव्हते.' शेवटच्या दोन वाक्यांवर नंतर एक अख्खे प्रकरण उभे राहिले, कारण माझ्या स्टुडिओतल्या किती सवयी वादकाला न विचारता ठरलेल्या आहेत, याची मोजदाद मी तिथून सुरू केली.

तुम्ही आजच एक गोष्ट सुरू करा. प्रत्येक सेशन नव्या नावाने, तारखेसह जतन करा, जुन्यावर नवे लिहू नका. दिवसाच्या शेवटी रफ मिक्स बाउन्स करा (ऐकता येईल अशी फाइल काढून ठेवा), मग ती कितीही वाईट असो. आणि रात्री पंधरा मिनिटे, काय केले ते नव्हे, तर कशामुळे बेत बदलला ते लिहा. हे मराठीतच लिहा. इंग्रजीत लिहायला बसलात की आपण काय म्हणायला हवे याचा विचार आधी येतो आणि काय झाले ते मागे राहते. पुढे प्रबंधात भाषांतर करता येते; माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टात वहीची मूळ मराठी पाने तशीच आहेत.

तिसरा प्रश्न आता घेतो, कारण दुसऱ्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. 'नाट्यसंगीत ॲटमॉसमध्ये मिक्स करणे' हा प्रकल्प आहे, प्रश्न नाही. प्रकल्प पुरा होतो. प्रश्नाला उत्तर मिळते, किंवा तो चुकीचा होता हे कळते. तंत्र नवे आहे म्हणून विषय नवा होत नाही, आणि तंत्र तर पाच वर्षांत जुने होते. पण तुमच्या बेताच्या पोटात एक झकास प्रश्न दडलेला आहे. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांनी शाकुंतल रंगमंचावर आणले तेव्हापासून संगीत नाटकातले गाणे हे तीन ठिकाणांमध्ये ताणलेले आहे : गाणारा नट, त्याच्या नजरेच्या टप्प्यात बसलेले साथीदार, आणि 'वन्स मोअर' मागणारे प्रेक्षागृह. प्रेक्षागृह हा इथे नुसता श्रोता नाही. पद किती वेळ चालायचे हे तोच ठरवतो. स्टीरिओ ध्वनिमुद्रणाने या तिसऱ्या घटकाला सुरुवातीच्या आणि शेवटच्या टाळ्यांपुरते ठेवले. मग भोवताली आणि डोक्यावर ध्वनी ठेवता येत असेल, तर ऐकणाऱ्याला कुठे बसवायचे? पहिल्या रांगेत, वादकांच्या पिटात, की नटाच्या जागी? आणि दाद ही पदाच्या घडणीचा भाग आहे असे मानले, तर ती मिक्समध्ये केव्हा आणि कुठून यावी, म्हणजे गायक-नटाने तिला दिलेला प्रतिसाद ऐकू येईल? हा प्रश्न तुम्ही तीन वर्षे खोदू शकता. यासाठी प्रेक्षकांसह प्रयोग ध्वनिमुद्रित करावा लागेल, तोच प्रयोग रिकाम्या नाट्यगृहात पुन्हा करावा लागेल, एकाच ध्वनिमुद्रणाच्या चार-पाच वेगवेगळ्या मिक्स कराव्या लागतील, आणि त्या जुन्या जाणत्या ऑर्गनवादकांना ऐकवाव्या लागतील. ॲटमॉससाठीची ७.१.४ (एकूण बारा) स्पीकरची खोली मिळाली नाही तर हेडफोनवरही बरेच साधते. मार्गदर्शकाला त्याची चिंता नसते, प्रश्न ढिसाळ असण्याची असते.

विषयाची कसोटी घ्यायचा एक सोपा उपाय आहे. ब्रिटिश विद्यापीठांच्या संशोधनाचे जे राष्ट्रीय मूल्यमापन २०२१ साली झाले, त्यात निर्मितीस्वरूपातल्या संशोधनाला जोडून कमाल ३०० शब्दांचे निवेदन देण्याची सोय होती. त्यांची संशोधनाची व्याख्याही सुटसुटीत होती : ज्यातून नवी समज येते आणि ती परिणामकारकपणे इतरांपर्यंत पोचते, अशी शोधप्रक्रिया. तुमच्या बारा वर्षांतला तुम्हाला सर्वांत आवडलेला एक अल्बम घ्या आणि त्यावर ३०० शब्द लिहा : काय शोधत होतो, कसे शोधले, काय हाती लागले. विशेषणे वापरायची नाहीत. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचे ऐंशी शब्दांतच संपते, आणि त्यातले साठ यंत्रसामग्रीचे असतात.

लिहावे किती लागते? नेहमीचा लिखित प्रबंध ८० हजार ते १ लाख शब्दांचा असतो. निर्मिती जोडली असेल तर लेखन साधारण ३० ते ४० हजार शब्दांवर येते, आकडा विद्यापीठागणिक बदलतो. शब्द निम्मे झाले म्हणून काम निम्मे होत नाही, आणि हे मी आकसाने सांगत नाही. लिखित भाग ही निर्मितीची जाहिरात नव्हे आणि तिचे स्पष्टीकरणही नव्हे. लेखन आणि ध्वनी यांनी एकमेकांना वाद घालायला भाग पाडले पाहिजे. जिथे तुमचे लिहिलेले आणि ऐकू येणारे जुळत नाही, तिथेच परीक्षक थांबणार.

माझ्या मौखिक परीक्षेत तेच झाले. तिथे सहसा दोन परीक्षक असतात, एक विद्यापीठातला आणि एक बाहेरचा; मार्गदर्शकाला निर्णयात स्थान नसते, आणि आपल्याकडच्यासारखी खुली सभाही नसते. बंद खोलीत दोन-अडीच तास बोलणे चालते. बाहेरच्या परीक्षकांनी माझी तिसरी चाल लावली, दुसऱ्या मिनिटाशी थांबवली आणि शांतपणे विचारले, "इथे मुख्य गायकाचा आवाज एकदम जवळ येतो. हा निर्णय आहे की सवय?" मी दोन वर्षे अंतराबद्दल लिहीत होतो, आणि त्या जागी मात्र गायकाच्या ट्रॅकवर मी नेहमीचा कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारे साधन) नेहमीच्या सेटिंगला लावून ठेवला होता. हळू ओळीत तो उघडला की मागची सगळी जागा सपाट होऊन गायक अंगावर येत होता. मी म्हणालो, "सवय." त्यांनी मान डोलावली. किरकोळ दुरुस्त्यांसाठी तीन महिने मिळाले, आणि त्यातली मुख्य दुरुस्ती ती चाल पुन्हा मिक्स करण्याची नव्हती. ती सवय का सुटली नाही यावर सहा पाने लिहिण्याची होती. खोटे उत्तर दिले असते तर कदाचित तीन महिन्यांचे वर्ष झाले असते.

हक्कांचा विषय कंटाळवाणा आहे, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाला तो थेट भिडतो. जुन्या अल्बमांचे ध्वनिमुद्रण बहुधा कंपनीच्या किंवा निर्मात्याच्या मालकीचे असेल. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क ६० वर्षे चालतो आणि कलाकाराचे स्वतःचे हक्क ५० वर्षे. प्रबंध स्वीकारला गेला की तो ध्वनीसह विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात ठेवला जातो, म्हणजे तुम्ही ते प्रसिद्धच करत असता. त्यामुळे नवे ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी प्रत्येक कलाकाराची लेखी संमती लागते, आणि त्याआधी विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी. मंजुरीपूर्वी केलेले ध्वनिमुद्रण अनेकदा वापरता येत नाही, हे मला सुट्टीत गावी येऊन घाईने केलेल्या एका संपूर्ण दिवसाच्या कामाची किंमत देऊन कळले. संमतिपत्र मराठीत करा, आणि वाचून दाखवा. आमच्या मंडळातल्या विणेकऱ्यांनी कागद हातात घेऊन म्हटले होते, "सही कशाला? गळ्यात माळ आहे." मी तेही वहीत लिहिले. सही त्यांनी नंतर केली, पण मंडळाचे नाव कुठे छापायचे आणि कुठे नाही, हे त्यांच्याशी बसून ठरवल्यावर.

पैशाचे आणि व्हिसाचे थोडक्यात. परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला १५ ते २५ हजार पौंडांच्या घरात जाते आणि पूर्णवेळ पीएचडीला तीन वर्षे धरली तरी चौथे वर्ष लिहिण्यात जाते. तिथल्या संशोधन परिषदांची विद्यावेतने २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुली झाली आहेत, पण जागा मोजक्या आणि स्पर्धा तीव्र. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, आणि गंमत अशी की संगीतनिर्मितीत उत्तम काम करणारी कित्येक विद्यापीठे त्या क्रमवारीत फार खाली आहेत. अर्ज करण्यापूर्वी यादी ताडून पाहा. आणखी एक गोष्ट आपल्या धंद्यातल्या माणसाला हमखास नडते : विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करता येते, पण स्वयंरोजगार चालत नाही. इकडच्या गिऱ्हाइकांच्या मिक्स तिकडे बसून रात्री करू, म्हणजे खर्च भागेल, हा हिशेब म्हणूनच धोक्याचा आहे. विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराला आधी विचारा. काही विद्यापीठे अर्धवेळ, मुख्यतः आपल्या देशातून, असा मार्ग देतात. त्याला पाच-सहा वर्षे लागतात, पण तुमचे नाट्यगृह, तुमचे ऑर्गनवादक आणि तुमचा स्टुडिओ इथेच असल्यामुळे तुमच्यासाठी मला तोच मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. भारतात करायचे तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन आणि साधारणतः कमाल सहा वर्षे मिळतात, पण आपल्या संगीत विभागांत अजून भर लिखित प्रबंधावरच आहे. ध्वनी हा पुरावा नसून परिशिष्ट मानला जातो.

आणि पदवीचा उपयोग? स्टुडिओच्या बाजारात शून्य. तुम्हाला डॉक्टर म्हणून कुणी जास्त पैसे देणार नाही. एका निर्मात्याने तर मला, आता तुम्ही आमचे काम घ्याल का, असे काळजीने विचारले होते. शिकवायचे असेल तर उपयोग आहे. कानाला होणारा उपयोग वेगळा, त्याची पावती मिळत नाही.

मार्गदर्शकाला पहिले पत्र पाठवताना अर्जाचा साचा किंवा तुमच्या अल्बमांची यादी पाठवू नका. ज्यांचे स्वतःचे लेखन आणि स्वतःची ध्वनिमुद्रणे तुम्ही ऐकली-वाचली आहेत, अशा तिघा-चौघांनाच लिहा. पत्र एका पानाचे ठेवा : वर म्हटलेला ऐकणाऱ्याच्या जागेचा प्रश्न तुमच्या शब्दांत, आणि त्याखाली एकाच पदाच्या एकेका मिनिटाच्या दोन मिक्स, एक प्रेक्षागृहासह आणि एक प्रेक्षागृह काढून. दोन्हींतली जी तुम्हाला पटत नाही ती आधी ठेवा, आणि का पटत नाही हे तीन ओळींत लिहा. नाट्यगृहातले एखादे जुने ध्वनिमुद्रण तुमच्या हार्ड डिस्कवर असेलच; कलाकारांना विचारून या महिन्यात एवढे करता येईल.